भिंत वाळली का? पाणी ओसरल्यानंतरच्या बुरशीबद्दल

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त मधले अडखळणं आणि खोकणं काढलं आहे.)

आजचा विषय कुबट आहे. अगदी शब्दशः कुबट. बुरशी. भाकरीवरची नाही, लोणच्यावरची नाही. भिंतीवरची, कपाटामागची, गादीच्या खालच्या बाजूची. घरात पाणी शिरतं, ओसरतं, आपण चिखल काढतो, फरशी पुसतो, हुश्श करतो. आणि आठ-दहा दिवसांनी एका कोपऱ्यातून वास यायला लागतो.

पाणी म्हणजे पूरच असला पाहिजे असं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी, गच्चीतून उतरणारं पाणी, वॉशिंग मशीनचा पाइप निसटून रात्रभर वाहिलेलं पाणी, सगळ्यांचा शेवट एकाच जागी होतो. पण मी आज पुरापासून सुरुवात करते. कारण पुरात हा सगळा प्रकार मोठ्या अक्षरात दिसतो.

दोन तारखा सांगते. २२ जुलै २०२१. चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, त्याच सुमाराला महाडमध्ये सावित्रीचं. आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. मधे किती दिवस? पन्नास. आता कोकणातलं घर आणि गणपती, हे नातं मी तुम्हाला सांगायला नको. मुंबईहून माणसं येणार, घर लख्ख पाहिजे, निदान पुढची खोली आणि मखराच्या मागची भिंत तरी रंगवलेली पाहिजे. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ला, सांगली-कोल्हापूरकडे तर वेळ आणखी कमी. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा आणि पंचगंगेचा पूर, काही भागांत पाणी कितीतरी दिवस हललंच नाही, आणि गणपती २ सप्टेंबरला.

म्हणजे माणसाला घाई आहे. भिंतीला नाही.

विटांची भिंत कशी वाळते याचा बांधकामातला एक ढोबळ ठोकताळा आहे. एक इंच जाडीला एक महिना. हा ठोकताळा थंड देशांतून आलाय, आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात आणि वाऱ्यावर भिंत लवकर वाळेल, आणि भर पावसाळ्यात जवळजवळ वाळणारच नाही. पण हिशोब करून बघा. नऊ इंची भिंत, वर दोन्हीकडून गिलावा. हाताला कोरडी लागते, कारण वरचा पापुद्रा वाळलेला असतो. आत पाणी तसंच आहे. आणि पन्नासाव्या दिवशी आपण त्यावर पुट्टी, प्रायमर आणि चकचकीत प्लॅस्टिक पेंट चढवतो. पिशवीत ओला टॉवेल घालून गाठ मारावी, तसं. दिवाळी यायच्या आत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि पोपड्याच्या मागे काळे-हिरवे ठिपके. मग रंगाऱ्याला शिव्या. बिचारा रंगारी.

आजच्या भागात मला मुख्यतः हे एवढंच सांगायचंय: बुरशी हा डाग नाही. ते पाण्याचं लक्षण आहे. पाणी शोधून, थांबवून, भिंत वाळवल्याशिवाय तुम्ही काहीही फासलंत तरी ती परत येणार. आता तपशील बघू.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. आत्ता तुम्ही लोकलमध्ये, बसमध्ये, पलंगावर जिथे कुठे हे ऐकताय तिथल्या हवेतही आहेत. त्यांना घराबाहेर काढता येत नाही, तो नाद सोडा. त्यांना उगवायला खायला लागतं, ऊब लागते आणि ओल लागते. खाणं म्हणजे काय, तर लाकूड, कागद, कापूस, चामडं, रंगातला चिकट भाग, साबणाचा थर, नुसती धूळसुद्धा. ते घरात भरपूर. ऊब तर महाराष्ट्रात बारमाही. राहता राहिली ओल. आपल्या हातात तेवढी एकच दोरी आहे. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी बहुतेक धरत नाही. त्यानंतर ती आपलं घर थाटते.

बरं, बुरशी म्हणजे जात्याच वाईट असंही नाही हं. पेनिसिलिन बुरशीतूनच मिळालं, आणि आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली त्यासाठीच उभा राहिला. पण ती कारखान्यातल्या टाकीत शोभते, तुमच्या उशीखाली नाही.

आता ओळखायची कशी?

पहिलं साधन नाक. बंद कपाट उघडल्यावर, दोन दिवस गावाला जाऊन आल्यावर दार उघडलं की जो ओलसर, मातकट, जुन्या गोणपाटासारखा वास येतो, तो. घरात सतत राहणाऱ्या माणसाला हा वास कळेनासा होतो. म्हणून बाहेरून आलेल्या पाहुण्याने नाक मुरडलं तर रागावू नका, विचारा कुठे आला वास.

दुसरं साधन तुमच्या हातात आहे. मोबाइलचा टॉर्च. भिंतीसमोर धरू नका, भिंतीला चिकटवून आडवा धरा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जाईल. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगे, उचललेले पोपडे, पाण्याच्या रेघा सगळं उठून दिसतं. हे पलंगामागे करा, कपाट ओढून त्याच्या मागे करा, किचन ओट्याखाली सिंकच्या पाइपाजवळ, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत. डाग दिसला तर पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. पुढच्या रविवारी पुन्हा. रेघेच्या बाहेर गेला असेल तर पाणी अजून चालू आहे. याच्याइतका स्वस्त आणि खरा रिपोर्ट नाही.

भिंतीवर दिसणारं सगळंच पांढरं म्हणजे बुरशी नव्हे. बऱ्याचदा तो लोणा असतो. भिंतीतल्या पाण्याबरोबर क्षार बाहेर येतात आणि पाणी उडून गेलं की पांढरी भुकटी मागे राहते. बोटात चुरडली तर खरखरीत लागते, वास नसतो, आणि पाणी मारलं की विरघळते. बुरशी पाण्यात विरघळत नाही, पुसली तर फरफटते, आणि बहुतेक वेळा कापसासारखी किंवा ठिपक्याठिपक्यांची असते. साधी धूळ की बुरशी अशी शंका असेल तर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी असण्याची शक्यता जास्त, तसाच राहिला तर मळ. पण लोणा निघाला म्हणून सुटलात असं नका समजू. लोणा म्हणजे भिंतीत पाणी फिरतंय. बुरशी आज नाही तर पुढच्या महिन्यात येईल.

आणि आता एक प्रयोग. मला हा फार आवडतो, कारण यावरून सोसायटीतली भांडणं मिटलेली आहेत. म्हणजे, मिटू शकतात. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा हातभर तुकडा घ्या. भिंतीवर ओल आहे त्या जागी वरचं पाणी फडक्याने पुसून तो सपाट लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस जाऊ द्या. फॉइल काढल्यावर आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी साचलं असेल तर ओल भिंतीतून येतेय. म्हणजे गळती, पाइप, बाहेरची तडे गेलेली भिंत किंवा जुन्या पुराचं राहिलेलं पाणी. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला, खोलीकडे, दव असेल तर ओल खोलीच्या हवेतली आहे. कपडे आत वाळत घालणं, स्वयंपाकाची वाफ, एक्झॉस्ट नसलेलं बाथरूम. पहिल्या प्रकारात प्लंबर आणि गवंडी लागतो. दुसऱ्यात पंखा आणि सवयी.

लगेच येणारा प्रश्न, "काळी बुरशी आहे, म्हणजे डेंजर ना?" थांबा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत बातम्यांमध्ये जिला काळी बुरशी म्हटलं जायचं ती म्युकरमायकोसिस. मधुमेह हाताबाहेर गेलेला असताना, स्टेरॉइड घेतलेली असताना तो आजार व्हायचा, आणि त्यातला काळा रंग मेलेल्या पेशींचा होता. तुमच्या बाथरूमच्या छतावरचे काळे ठिपके म्हणजे तो आजार नव्हे. दुसरी गल्लत इंटरनेटवरची, अमेरिकन व्हिडिओंतून आलेली, की काळी असेल तर विषारी आणि हिरवी असेल तर चालतंय. रंगावरून काही ठरत नाही. कुठली जात आहे हे शोधायला लॅबला पैसे देण्यातही अर्थ नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी काम तेच करायचंय. काढा आणि वाळवा.

तब्येतीचं म्हणाल तर शिंका, नाक चोंदणं, डोळे चुरचुरणं, खोकला, आणि ज्यांना दमा आहे त्यांना तो उसळणं, हे नेहमीचं. एक खूण लक्षात ठेवा: ऑफिसात, कॉलेजात, गावाला बरं वाटतं आणि घरी आलं की सुरू होतं. असं असेल तर डॉक्टरला नुसतं "सर्दी झालीय" म्हणू नका, घरात ओल आहे हेही सांगा. घरात तान्हं बाळ असेल, दम्याचं कुणी असेल, केमो चालू असलेलं, किंवा मधुमेह आटोक्यात नसलेलं, तर बुरशी साफ करायला ही माणसं नकोत. त्या दिवशी त्यांना मावशीकडे पाठवा.

आता पाणी नुकतंच ओसरलंय असं धरून चालू. सुरुवातीचे दोन दिवस.

मेन स्विच बंद. सॉकेट पाण्याखाली गेले असतील तर वायरमनने बघेपर्यंत चालू करायचा नाही, मोबाइल कितीही डिस्चार्ज झालेला असो. मग फोटो. काहीही फेकायच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं त्या रेघेचे, फ्रिजच्या मॉडेल नंबरचे, गाद्यांचे, सगळ्याचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ. पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा किंवा विमा असेल तर त्यांचा माणूस येईल तेव्हा, फेकून दिलेल्या गादीचं नुकसान तुम्ही दाखवणार कसं? आणि पंचनामा होईपर्यंत ओल्या गाद्या घरात ठेवून बसायचं का? नाही. फोटो काढा, बाहेर अंगणात किंवा पार्किंगमध्ये ठेवा, पण घरातून काढा. एक कुजणारी गादी बंद खोलीत चार दिवस राहिली तर अख्खी खोली जाते.

हे करताना गमबूट आणि रबरी हातमोजे. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, पायाला जखम असेल तर लेप्टोची भीती असते. नंतर ताप आला तर "दमणूक झाली असेल" म्हणून अंगावर काढू नका.

चिखल ओला आहे तोवर धुऊन काढा. गाळ एकदा वाळला की सिमेंटसारखा बसतो, आणि फटींत बसलेला गाळ कित्येक आठवडे ओल धरून ठेवतो. दाराच्या चौकटींच्या मागे, ट्रॉलीच्या खाली, जिन्याच्या सांध्यात. स्वच्छ पाण्याने धुवा, हो, भिजलेल्या घरात आणखी पाणी. हे पाणी वाळेल, तो गाळ नाही वाळायचा.

मग वाळवणं. इथे इंटरनेटवरचे सल्ले आपल्याला फार उपयोगी पडत नाहीत. तिकडे लिहिलेलं असतं, घरातली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवा. जुलैमध्ये रत्नागिरीत? बाहेरच पंच्याऐंशी-नव्वद असते! तेव्हा आपला हिशोब असा. घर पूर्ण भिजलेलं असेल आणि वीज नसेल तर सगळी दारं-खिडक्या उघड्या, कारण आतल्यापेक्षा बाहेरची हवा तरी बरी. वीज आली की टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून, नुसता छताचा पंखा नव्हे. पावसाने उघडीप दिली, दुपारी ऊन पडलं की सगळं उघडा. धो धो पाऊस असताना मात्र उघड्या खिडक्यांनी काही वाळत नाही. एसी असेल तर खोली बंद करून ड्राय मोडवर लावा. ज्यांच्या घरात दरवर्षीच ओल येते त्यांनी आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र घ्यावं. ते महाग नसतं, आणि आकडा दिसला की घरातल्या मंडळींशी वाद घालणं सोपं जातं. साठच्या खाली आणता आलं तर उत्तम, पण पंच्याऐंशीवरून सत्तरवर आलं तरी फरक पडतो.

एक सूचना मात्र नीट ऐका. भिंतीवर बुरशी आधीच आलेली असेल तर तिच्यावर पंखा सोडू नका. बीजाणू घरभर उडतात. आधी साफ, मग पंखा. आणि खोली वाळावी म्हणून बंद दारात कोळशाची शेगडी पेटवू नका, जनरेटर घरात लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेत जातो. पुरातून वाचलेली माणसं अशी जायला नकोत.

कापूर, डांबरगोळ्या, उदबत्ती, रूम फ्रेशनर हे वासावर वास आहे. ओल एक थेंबही कमी होत नाही.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे सगळ्यात जिवावर येणारं काम. नियम सोपा आहे, पाळणं अवघड. ज्याच्या पोटात पाणी जातं आणि आतून वाळवता येत नाही, ते टाका. पुरात भिजलेली कापसाची किंवा फोमची गादी, सोफा, उशा टाका. गादी उन्हात ठेवून वरून कडक वाळते, आत कापूस आठवडाभर ओला राहतो, आणि त्यावर आपण सहा तास तोंड ठेवून झोपतो. प्लायवूड आणि त्याहून वाईट म्हणजे भुशाच्या पाट्यांचं फर्निचर, ते फुगलं की संपलं. याउलट आजीचं सागवानी कपाट बहुतेक वेळा वाचतं. दारं उघडी ठेवून, ड्रॉवर काढून, सावलीत हळूहळू वाळवा. थेट कडक उन्हात ठेवलंत तर तडकेल. सुती कपडे, चादरी, गोधड्या गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात. स्टील, काच, चिनीमाती तर काय, धुतली की झाली.

कागदांचं वेगळं. आधार, मार्कशीट हे डिजिलॉकरवर मिळू शकतं, सातबारा ऑनलाइन निघतो. त्यांच्यासाठी पहिल्या दिवशी रडत बसू नका. परत न मिळणारं आधी वाचवा. फोटो, पत्रं, आजोबांची वही. ओले फोटो एकमेकांना चिकटायच्या आत स्वच्छ पाण्यात सुटे करा आणि वाळत घाला, फोटोच्या चित्राच्या बाजूला बोट लावू नका. वह्या-पुस्तकं लगेच वाळवता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. हो, खरंच. शेजाऱ्याच्या फ्रीझरमध्ये, मासळीवाल्याच्या फ्रीझरमध्ये, जिथे वीज आहे तिथे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. तुम्हाला आठवडे, महिने मिळतात. नंतर थोडीथोडी काढून, पानांमध्ये कोरा कागद घालत वाळवायची. जुने कागद जपणारी माणसं जगभर हेच करतात. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २०२१च्या पुरात तिथली कितीतरी पुस्तकं पाण्यात गेली. तुमच्या गावात जुनं वाचनालय नदीकाठी असेल, तर ही फ्रीझरची गोष्ट तिथल्या ग्रंथपालांना पावसाळ्याआधी सांगून ठेवा.

आता साफसफाई. कोविडमधले एन-९५ मास्क कुठेतरी ड्रॉवरमध्ये असतील, ते काढा. कापडी मास्क नाही चालणार. हातमोजे, डोळ्यांना गॉगल, तोही बंद कडांचा असेल तर बरा. खिडकी उघडी, खोलीचं आतलं दार बंद. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने बुरशी कधीही झाडू नका. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून भिजवा, मग घासा, मग पुसा, आणि ते फडकं फेकून द्या. टाइल्स, काच, लोखंड, सनमायका यांना कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी आणि जोर पुरतो.

आणि ब्लीच? टाइल्सवर शेवटी लावायचं असेल तर लावा, चार लिटर पाण्यात एक कप, त्याहून जास्त नाही. पण गिलाव्यावर आणि लाकडावर त्याचा तेवढा उपयोग नाही. वरचा रंग उडतो, तुम्हाला वाटतं गेली, आणि आतली मुळं तशीच, शिवाय ब्लीचमधलं पाणी भिंतीला मिळतं ते वेगळंच. आणि हे मी ओरडून सांगते: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, अमोनियावालं काच पुसायचं पाणी, काहीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. रीलमध्ये "दोन्ही मिक्स केलं की डबल पॉवर" असं दाखवतात, त्यांना अनफॉलो करा.

गिलावा बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला, किंवा हाताने माती निघत असेल, तर तो भाग काढूनच टाकायचा, विटेपर्यंत. उघडी वीट छान वाळते. डाग एकूण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, किंवा एसीच्या आत बुरशी असेल, तर स्वतः करू नका, माणूस बोलवा.

आणि रंग. मला विचाराल तर पुरात भिजलेल्या घराला त्या वर्षी गणपतीला रंग नको. दिवाळीलाही नको. पुढच्या उन्हाळ्यात. त्या वर्षी भिंत उघडी दिसू दे, मखरामागे एक छान साडी लावा, चादर लावा. भिंतीपासून हातभर अंतर सोडून हं. आणि घरातल्या मोठ्यांना फारच वाटत असेल, पाहुणे काय म्हणतील, तर चुना मारा. साधा, भिजवलेला चुना. आपल्याकडे वर्षानुवर्षं दिवाळीआधी घरांना चुना लागायचा, ती फक्त हौस नव्हती. चुना अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशीला सहज धरता येत नाही, आणि त्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते. प्लॅस्टिक पेंट ती कोंडतो. जांभ्याच्या घरांना तर हे जास्तच लागू, जांभा स्पंजसारखा पाणी पितो. "अँटी-फंगल पेंट" मिळतो, तो कोरड्या भिंतीवर ठीक आहे. ओल्या भिंतीवर तो पैसे घालवण्याचा एक महाग मार्ग.

शेवटी भाड्याने राहणाऱ्यांसाठी थोडं, कारण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तुम्ही तेच. २५ जुलै २०२४ला पुण्यात सिंहगड रोडवर एकता नगरीत पाणी घुसलं, तेव्हा तिथेही भाड्याने राहणारी कितीतरी माणसं असणार. अशा भागात तळमजल्यावरची खोली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बघायला गेलात आणि ताज्या रंगाचा वास आला, तर आनंद नका मानू, संशय घ्या. एकाच भिंतीला, तेही कमरेपर्यंतच नवा रंग असेल तर जास्तच. टॉर्च काढा, आडवा धरा. कपाटाचं खालचं दार उघडून नाक आत घाला, एजंट हसू दे. वरच्या मजल्यावरची खोली असेल तर छताचे कोपरे बघा. आणि सामान आत न्यायच्या आधी सगळ्या भिंतींचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवा, "काका, आज ताबा घेतला, सध्याची अवस्था अशी आहे." भांडणाचा सूर नको, तारीख हवी. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना हा मेसेज तुमच्या बाजूने बोलेल.

राहत असताना ओल आली तर तोंडी सांगू नका, लिहा. आणि गळती कुणाची हे आधी शोधा, फॉइलचा प्रयोग त्यासाठीच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसाच्या पाण्याने किंवा सामाईक पाइपातून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूम किंवा सिंकमधून येणारी संबंधित फ्लॅटवाल्याने, सोसायटीच्या समन्वयाने. वरच्या काकूंकडे जाताना पेन्सिलीच्या रेघांचे आणि तारखांचे फोटो घेऊन जा. तुम्ही भाडेकरू म्हणून सोसायटीत तुमचं ऐकत नसतील तर तेच फोटो मालकांमार्फत सेक्रेटरींना पाठवा.

तोवर घरातल्या घरात: कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, हवा मागून गेली पाहिजे. आंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडं टाकून वाफ खोलीत सोडू नका. एक्झॉस्ट लावा, तो नसेल तर आतली खिडकी उघडा आणि दार बंद. ओले कपडे खोलीत वाळत घालावेच लागत असतील तर एकाच खोलीत, पंख्याखाली, खिडकी किलकिली करून. चामड्याची पर्स आणि बूट कपाटाच्या तळाला नको, तिथे ओल सगळ्यात आधी पोचते.

तुमच्या भिंतीचा फोटो आणि फॉइलच्या कुठल्या बाजूला पाणी आलं ते पाठवा. निवडक फोटो घेऊन पुढच्या भागात एका अनुभवी गवंड्याशी बोलणार आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर. त्यांना विचारायचे प्रश्न असतील तर व्हॉइस नोट एका मिनिटाच्या आत ठेवा, प्लीज. भेटू.